कालचा झिरो

रायफलची साइट एकदा नीट बसवली, दहावर दहा लागू लागले आणि पेटी बंद केली, की दुसऱ्या गावात ती तशीच्या तशी उघडता येते असं मानणाऱ्या पालकांशी माझा नेहमी वाद होतो. वरवर पाहता हा वाद स्क्रूंचा आणि फोमचा आहे. पण मी कीर्तनकाराच्या घरात वाढले, आणि मला तो श्रद्धेचा वाटतो. एकदा स्थिर झालेली गोष्ट स्थिर राहते का? आणि राहत नसेल, तर ती मुळात स्थिर झाली होती असं म्हणायचं का?

आधी स्क्रूंचं सांगते. मी कोल्हापुरात मुलामुलींना दहा मीटर एअर रायफल शिकवते. आमच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे नळीच्या टोकाला गोल कडी, आणि त्या कडीत लक्ष्याचा काळा गोल मधोमध धरायचा. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर. दोन साइट्समध्ये साधारण पाऊण मीटर अंतर आणि लक्ष्य दहा मीटरवर. त्यामुळे मागची साइट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी सरकली, की पेलेट सव्वा मिलिमीटरहून जास्त बाजूला जातो. अर्धा गुण तिथेच गेला. वरच्या पातळीवर अर्ध्या गुणात काय काय होतं, हे ज्यांची मुलं खेळतात त्यांना सांगायला नको.

म्हणून स्पर्धेसाठी पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर निघायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळी पेटी मी स्वतः भरून घेते. मागची साइट काढून वेगळ्या डबीत ठेवावी की रायफलवरच राहू द्यावी, यावर प्रशिक्षकांत दोन मतं आहेत. मी राहू देते. मात्र तिच्याभोवतीचा फोम ब्लेडने मोकळा कापून घेते, म्हणजे झाकणाचा दाब तिच्यावर येत नाही. साइट रेलवर जिथे बसते तिथे पांढऱ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढलेली असते, अर्धी साइटवर आणि अर्धी रेलवर. मुक्कामी पोचल्यावर ती रेघ तुटलेली दिसली, की काय झालं ते कळतं. साइटचा नॉब एका टोकापर्यंत फिरवून तिथून किती क्लिक मोजले, तो आकडा डायरीत लिहिलेला असतो. बसच्या डिकीत पेटी सगळ्यांत वर आणि आडवी. विमानाने जायचं तर सिलिंडरमधली हवा सोडून द्यावी लागते. दिल्लीला डिसेंबरात स्पर्धा असेल तर रेंजवर पोचल्या पोचल्या पेटी उघडून रायफलला तिथल्या थंडीत राहू द्यायचं, घाई करायची नाही.

एवढं सगळं केलं तरी नव्या रेंजवरचा पहिला पेलेट घरच्या जागी लागेलच असं नाही. रेघ शाबूत असते, क्लिक तेवढेच असतात, आणि तरी नेम खाली-डावीकडे. कारण झिरो, म्हणजे जिथे नेम तिथेच पेलेट लागावा अशी साइटची जुळणी, एकट्या रायफलमध्ये नसतो. रात्रभर बसमध्ये अवघडलेली मान, गालपट्टीवर गालाचा पडणारा दाब, त्या हॉलमधला उजेड कमी की जास्त, त्यामुळे काळा गोल कसा दिसतो, या सगळ्यांचा मिळून तो झिरो झालेला असतो. वाटेतल्या खंबाटकी घाटात नुसती पेटी हादरत नाही, तिच्याबरोबर मुलगीही हादरते.

आमच्या खेळाच्या नियमांनी हे आधीच मान्य केलं आहे, याचं मला फार मोल वाटतं. साठ गुणांकित शॉट्ससाठी 75 मिनिटं, आणि त्याआधी तयारीला आणि साइटर, म्हणजे नेम जुळवायचे पेलेट, मारायला 15 मिनिटं. त्यात हवे तितके पेलेट मारा, एकही धरला जात नाही. जगज्जेत्यालाही तीच 15 मिनिटं आणि तालुक्याच्या गावातून पहिल्यांदा आलेल्या पोरालाही तीच. तुझा कालचा झिरो आज नसणार, हे नियमच गृहीत धरतो आणि त्याबद्दल कुणालाही दोष देत नाही.

‘मॅडम, काल तर दहा लागत होते, मग आज पुन्हा कशाला?’ हा प्रश्न मला मुली विचारतात. मी लहानपणी वडिलांना हरिपाठाबद्दल हेच विचारायची. कालच तर म्हटला, मग आज पुन्हा का? आप्पा त्यावर अनुगीतेची गोष्ट सांगायचे. ती त्यांच्या कीर्तनातल्या उत्तररंगाच्या आवडत्या आख्यानांपैकी होती.

ती गोष्ट अर्जुनाची, म्हणून आम्हा नेमबाजांनी तर ती नीट ऐकायला हवी. आदिपर्वात द्रोणाचार्य झाडावरच्या कृत्रिम पक्ष्यावर नेम धरायला लावतात, तेव्हा अर्जुनाला पक्ष्याच्या डोक्याखेरीज काही दिसत नाही. गुरूच्या रेंजवर त्याचा झिरो पक्का होता. तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर येतो आणि त्याचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, हातातून गांडीव निसटायला लागतं, मन गरगरतं. हे वर्णन मी स्पर्धेच्या सकाळी मुलींच्या तोंडून ऐकलेलं आहे, जवळपास याच क्रमाने. मग गीता सांगून होते, अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन म्हणतो की मोह गेला, स्मृती परत आली. आपण पुस्तक इथे मिटतो.

महाभारत मात्र मिटत नाही. युद्ध संपतं, आश्वमेधिक पर्वात दोघे निवांत असतात आणि अर्जुन कृष्णाला म्हणतो की तू त्या वेळी जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. प्रत्यक्ष भगवंताने कानात सांगितलेलं, आणि विसरला! कृष्ण नाराज होतो. तेव्हा योगयुक्त होऊन जे बोललो ते जसंच्या तसं मला पुन्हा सांगता येणार नाही, असं म्हणतो. पण अर्जुनाला टाकून देत नाही. एका सिद्धाच्या आणि काश्यपाच्या जुन्या संवादातून, वेगळ्या वाटेने, पुन्हा सांगायला बसतो. लक्ष्य तेच, क्लिक नवे.

यावर कुणी म्हणेल, मग स्थितप्रज्ञाचं काय? निवाऱ्यातल्या न हलणाऱ्या दिव्याचा दाखला गीतेनेच दिला आहे. दिला आहे, खरं. पण त्याच सहाव्या अध्यायात अर्जुन लगेच म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरणार कसं. आणि कृष्ण त्याला खोडत नाही, निःसंशय अवघड आहे असं कबूल करतो. उपाय दोन सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाबद्दल विचारतानाही अर्जुनाने तो बोलतो कसा, बसतो कसा याबरोबर चालतो कसा हेही विचारलं होतं. मला तो नेमबाजाचा प्रश्न वाटतो. जागेवर बसून स्थिर राहणं त्याला माहीत होतं, वाटेवरचं काय ते त्याला हवं होतं.

अभ्यास समजायला सोपा आहे, रोज साइटर मारणं. वैराग्य मला रेंजवर समजलं. एका मुलीचे पाच पेलेट एकमेकांना चिकटून, पण दोन वर्तुळं डावीकडे लागत होते. ती क्लिक फिरवायला तयार नव्हती. डायरीतला घरचा आकडा बरोबर आहे, असं तिचं म्हणणं. नेम हातानेच थोडा उजवीकडे धरून ती मारत राहिली आणि पाहता पाहता घट्ट ग्रुप विस्कटला. तिला अभ्यास कमी नव्हता. कालचा आकडा तिच्याने सोडवत नव्हता. तो आकडा काल खरा होता, आज नाही. तो मायेने बाजूला ठेवता येणं हे मला वैराग्य वाटतं. बीजिंग ऑलिंपिकमध्ये 11 ऑगस्ट 2008 रोजी अंतिम फेरीआधीच्या साइटरमध्ये आपली रायफल भलतीकडेच मारत होती, असं अभिनव बिंद्रा यांनी नंतर सांगितलं आहे. त्यांनी हातात होता तेवढ्या वेळात साइट लावून घेतली आणि 104.5 ची अंतिम फेरी मारली. शेवटचा शॉट 10.8.

याचा अर्थ ऊठसूट क्लिक फिरवावेत असा मुळीच नाही. एका पेलेटवरून साइटला हात लावलेला मला खपत नाही. ग्रुप घट्ट आणि बाजूला असेल तर साइट सरकलीय, ती फिरवा. ग्रुप विखुरलेला असेल तर साइटला हात लावू नका. श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट पाहा, दोष आपल्यात आहे. हा विवेक श्रद्धेच्या बाबतीतही मला तितकाच हवा असतो. एका वाईट दिवशी माणसं देव बदलतात, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूला चुकत असूनही रीत बदलत नाहीत. दोन्ही चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

विसरणाऱ्या अर्जुनाला कमी लेखणारी प्रवचनं मी ऐकली आहेत, ती मला पटत नाहीत. विसरलो हे त्याने सांगितलं आणि पुन्हा विचारलं, म्हणून तर अनुगीता झाली. गीता घरोघरी असते, अनुगीता फारसं कुणी उघडत नाही. घरात महाभारताचं भाषांतर असेल तर आश्वमेधिक पर्व काढा आणि सोळाव्या अध्यायापासून वाचा. मुलांना स्पर्धेला घेऊन निघालात, तर वाटेत त्यांनाही वाचून दाखवा.