जू हलके करा

शास्त्रपाठ : १ राजे १२:१-१९



शलमोन राजाच्या मरणानंतर इस्राएल लोक शखेमास जमले. ते बंड करायला आले नव्हते. कष्टाचे जू थोडे हलके व्हावे, म्हणजे आम्ही सेवा करू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. रहबामाने विचार करण्यास ३ दिवस घेतले. गोड बोलून लोकांची सेवा कर, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. बरोबर वाढलेल्या सोबत्यांनी जरब बसवण्याचा सल्ला दिला. रहबाम तेव्हा ४१ वर्षांचा होता. पोरवयाची सबब त्याला नव्हती. त्याने कठोर उत्तर दिले, आणि लोक आपापल्या डेऱ्यांकडे निघून गेले. १० वंश कायमचे तुटले.

आजच्या नोकरदाराला असे निघून जाता येत नाही. घरभाडे असते, मुलांची फी असते. तो वेळेवर हजेरी लावतो. पण मन केव्हाच डेऱ्याकडे गेलेले असते. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस सांगितले तेवढेच करतो. यंत्राचा आवाज बदलला, हिशेबात चूक दिसली, तरी तो गप्प राहतो. मागे बोलला तेव्हा बोलणीच खाल्ली होती. धाकाने हात राबतात. फारोनेही पेंढा न देता तितक्याच विटा मागितल्या. पण धाकाने आस्था उपजत नाही.

उलट बवाज पाहा. शेतात येताच तो मजुरांना परमेश्वराच्या नावाने अभिवादन करतो, तेही त्याला आशीर्वाद देतात. त्याने विचारताच मुकादम परक्या रूथविषयी मोकळेपणाने चांगले सांगतो. बवाजाच्या शेतात शिस्त नव्हती असे नाही; रूथेला कोणी त्रास देऊ नये, अशी त्याची सक्त ताकीद होती. त्याची शिस्त दुर्बलाला सांभाळणारी होती.

हे वाचताना आपल्याला आपले साहेब आठवतात. पण आपणही कोणाचे तरी साहेब आहोत. घरकामाची बाई, कचेरीतला शिपाई, शब्बाथ शाळेतला नवा शिक्षक आपल्या हाताखाली आहेत. आम्हीच एकदा सभेत एका शिक्षिकेला सर्वांसमक्ष तोडून बोललो. पुढच्या रविवारी ती आली, धडा शिकवला. पण त्यानंतर तिने कधी काही सुचवले नाही. आम्ही मात्र वर्षभर तिलाच उत्साह नाही असे म्हणत राहिलो!

धन्यांनी धमकावणे सोडावे, कारण त्यांचाही धनी स्वर्गात आहे, असे पौलाने इफिसकरांस बजावले. म्हणून या आठवड्यात हाताखालच्या एका माणसाजवळ बसू या. तुला कशाचा भार होतो, असे विचारू या आणि मध्ये न बोलता ऐकू या. आपले चुकले असेल, तर क्षमा मागू या. ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रभू आपणांस त्यासाठी नम्रता देवो. आमेन.