आठवीचा उंबरठा

टांझानियातल्या सरकारी शाळेत मूल सात वर्षे स्वाहिलीतून शिकते. झाडाचे पान उन्हात अन्न कसे तयार करते हेही ते स्वाहिलीतूनच शिकते. त्या क्रियेला तिथे ‘उसानिसिनुरू’ म्हणतात. ‘उसानिसि’ म्हणजे संश्लेषण आणि ‘नुरू’ म्हणजे प्रकाश, तेव्हा आपल्या ‘प्रकाशसंश्लेषणा’चा हा सख्खा भाऊच म्हणायचा. सातवीची परीक्षाही स्वाहिलीतच होते. ती पार करून जानेवारीत मूल माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे आपल्या हिशेबाने आठवीत, पाऊल टाकते आणि स्वाहिलीसारखा एखादा विषय सोडला तर जीवशास्त्र, भूगोल, गणित असे सगळे एकदम इंग्रजी होऊन बसते. कालपर्यंत ज्या पानाबद्दल ते हात वर करून बोलत होते, त्याच पानाबद्दल आज त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. फळ्यावरचा मजकूर ते वहीत उतरवून घेते. शिक्षक मध्येच ‘आर वुई टुगेदर?’ असे विचारतात आणि सगळा वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो. पूर्व आफ्रिकेतल्या वर्गांत हा सवालजवाब इतका रुळलेला आहे की त्यातल्या ‘येस’चा अर्थ ‘समजले’ असा कुणी धरत नाही.

आफ्रिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की बाके नाहीत, शिक्षक नाहीत, पैसा नाही अशी यादी सुरू होते. ती खोटी नाही, पण टांझानियाच्या बाबतीत ती अपुरी आहे. या देशाने गरिबीतही शाळेचे दार दोनदा सताड उघडून दाखवले. पहिल्यांदा देशाचे पहिले राष्ट्रपती ज्युलियस न्येरेरे यांच्या काळात. त्यांना सारा देश ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणे आणि ते राजकारणात येण्यापूर्वी खरोखरच शिक्षक होते. 1967 साली समाजवादाचे धोरण मांडणाऱ्या अरुशा जाहीरनाम्यापाठोपाठ त्यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ ही पुस्तिका काढली. त्याच वर्षी प्राथमिक शाळांचे माध्यम स्वाहिली झाले, आणि 1977 मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची मोहीम सुरू झाली. प्रौढ साक्षरतेचे काम तर असे झाले की जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. पुढे युगांडाशी झालेले युद्ध, तेलाचे भाव, नाणेनिधीच्या अटी आणि त्यापाठोपाठ परतलेली शाळेची फी यांत ते बरेचसे विरले. दुसऱ्यांदा दार उघडले ते या शतकात. प्राथमिक शाळांची फी रद्द झाली, 2004 नंतर प्रभागाप्रभागांत ‘शुले झा काता’ नावाच्या माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या आणि 2016 पासून माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत फी माफ झाली. एवढे सगळे झाले, पण आठवीच्या दाराला भाषेची कडी होती ती तशीच राहिली. फीमुळे जे मूल बाहेर राहत होते ते आता वर्गात येऊन बसले आहे, पण बाहेरच आहे.

ही कडी कुणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात पेनिना म्लामा आणि मे मातेरू या दोन अभ्यासकांनी माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे भलतीच आली किंवा आलीच नाहीत. तेच प्रश्न स्वाहिलीत विचारल्यावर मुले नीट उत्तरे देऊ लागली. 1982 मध्ये जॅक्सन मक्वेटा यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रपती आयोगाने शिफारस केली, की 1985 पासून माध्यमिक शिक्षण स्वाहिलीत यावे आणि 1990च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठानेही ती वाट धरावी. हे काही झाले नाही, आणि होणार नसल्याचे जाहीर करण्याची वेळ पुढे शिक्षणमंत्री झालेल्या मक्वेटांवरच आली. त्यानंतर ब्रिटनच्या मदतीने क्रायपर आणि डॉड यांनी पाहणी केली. त्यांचा 1984चा निष्कर्ष असा, की इंग्रजी माध्यमातले शिक्षण सुरू करण्याइतपत इंग्रजी येणारी मुले माध्यमिकच्या चौथ्या वर्षालाही दहा टक्क्यांच्या आसपासच आहेत. आता यावरून माणूस काय ठरवील? ठरले असे, की माध्यम इंग्रजीच ठेवावे आणि इंग्रजी सुधारण्यासाठी प्रकल्प काढावा. रोग्याला औषध सोसत नाही, तेव्हा मात्रा वाढवा, असा हा प्रकार. इंग्रजीची पुस्तके विकणाऱ्या देशाच्या पैशातून झालेल्या पाहणीने हा सल्ला द्यावा, यात कट शोधण्याची गरज नाही. पण योगायोग नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक चुकीचे समीकरण आहे. भाषा शिकणे आणि त्या भाषेतून इतर गोष्टी शिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दुसरी केली की पहिली आपोआप होते असे धरून चालल्याने दोन्ही बुडतात. जीवशास्त्राच्या शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी बेताचे असते. तो पाठ्यपुस्तकातली वाक्ये फळ्यावर लिहितो, मुले ती पाठ करतात. यातून ना पान कळते, ना इंग्रजी येते. याउलट दोन्ही साधल्याचा पुरावा शोधायचा तर नायजेरियात जावे लागेल. 1970 साली तिथल्या इफे विद्यापीठात बाब्स फाफुन्वा यांनी एक प्रयोग सुरू केला. काही मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा या त्यांच्या मातृभाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून, त्यासाठी तयार केलेल्या शिक्षकांकडून शिकवला. तुलनेसाठीच्या वर्गांत तिसरीनंतर माध्यम इंग्रजी होत असे. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत पुढे गेलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. खुद्द टांझानियातही दार-एस-सलाम विद्यापीठातल्या मार्था कोरो आणि नॉर्वेच्या बिर्गिट ब्रॉक-उत्ने यांच्या गटाने माध्यमिक वर्गांत तेच धडे दोन्ही भाषांतून शिकवून पाहिले. स्वाहिलीच्या वर्गात मुले प्रश्न विचारत, वाद घालत. इंग्रजीच्या वर्गात गप्प बसत.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: दोष भाषेला का देता? 2012च्या माध्यमिक परीक्षेत साठ टक्क्यांहून अधिक मुले शून्य श्रेणीत गेली, एवढा गदारोळ झाला की गुणांची पद्धत बदलून निकाल पुन्हा लावावा लागला. पण त्या आधीच्या काही वर्षांत शाळा किती झपाट्याने निघाल्या ते पाहा. शिक्षक पुरेनात म्हणून जेमतेम महिनाभराचे प्रशिक्षण देऊन नवखी पोरे वर्गांवर पाठवली गेली. लोकांनी त्यांना मोबाइलच्या झटपट रिचार्जचे नाव ठेवले. शिवाय गणिताचे काय? चौथ्या वर्षाच्या परीक्षेत गणितात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले, आणि गणिताला तर भाषा कमीच लागते. शिवाय ‘उवेझो’ या संस्थेच्या पाहण्यांत दिसले की प्राथमिक शाळा संपवत आलेल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीची स्वाहिली गोष्टही धड वाचता येत नाही.

यातले तथ्य मी नाकारत नाही. उद्या माध्यम बदलले तरी शंभर मुलांच्या वर्गाला एक शिक्षक असेल, तर फार काही बदलणार नाही. पण हा आक्षेप भाषेच्या मुद्द्याला खोडत नाही, उलट बळ देतो. शिक्षक कमी, पुस्तके कमी, घरी शिकवायला कुणी नाही, अशा वेळी मुलाकडे स्वतःची अशी एकच शिदोरी असते, आणि ती म्हणजे ज्या भाषेत ते विचार करते ती भाषा. श्रीमंत शाळेला परक्या माध्यमाची चैन परवडते, कारण तिथे बाकी सगळे असते. जिथे काहीच नाही तिथे ही एक गोष्टही काढून घेणे, हे कसले नियोजन? राहिले गणित. चौथ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात आकडे असतात तसे शाब्दिक प्रश्नही असतात, आणि प्रश्नच कळला नाही तर समीकरण मांडायचे कशाचे?

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. स्वाहिली तरी सगळ्यांची मातृभाषा कुठे आहे? देशात सव्वाशेच्या आसपास भाषा आहेत. सुकुमा बोलणारे लाखो लोक आहेत, मसाई आहेत, टिचक्यांचे ध्वनी असलेल्या हाद्झा आणि सांदावे या भाषा तर जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यांच्या दृष्टीने स्वाहिली हीसुद्धा वरून आलेलीच. हे खरे आहे, आणि स्वाहिलीच्या राष्ट्रीय अभिमानात या भाषांची हेळसांड झाली हेही खरे. तरी दोन परकेपणांत फरक असतो. न्येरेरे स्वतः झानाकी भाषेत वाढले होते; स्वाहिली त्यांनी नंतर मिळवली, आणि ती इतकी आपलीशी केली की शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ त्यांनीच त्या भाषेत उतरवले. बाजारात, बसमध्ये, रेडिओवर, मशिदीत आणि चर्चमध्ये जी भाषा मूल रोज ऐकते ती त्याला अंगवळणी पडते. मराठी माणसाला तर तिचे कितीतरी शब्द ओळखीचे वाटतील: पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, औषधाला ‘दावा’. ज्या भाषेने अरबी, हिंदी, गुजराती, पोर्तुगीज असे सगळे शब्द पचवले, तिला विज्ञानाच्या परिभाषेचे वावडे असेल असे मानायला आधार काय?

तिसरा आक्षेप मात्र पुस्तकी उत्तराने सुटणारा नाही. पालकांनाच इंग्रजी हवी आहे. ऐपत असेल तो मुलाला पहिलीपासून खासगी इंग्रजी शाळेत घालतो. अशा शाळांची नावे बरेचदा ‘सेंट’ने सुरू होतात, म्हणून सरकारी स्वाहिली शाळांना लोक उपहासाने ‘सेंट कायुंबा’ म्हणतात. हे वाचून मराठी वाचकाला हसू येण्याआधी आपल्या गल्लीतली महापालिकेची शाळा आठवेल. पालक मूर्ख नाहीत. विद्यापीठ, बँक, मोठी नोकरी यांच्या दारात इंग्रजी उभी आहे हे त्यांना दिसते. म्हणूनच नुसते शाळेचे माध्यम बदलून पुढची सगळी दारे तशीच ठेवली, तर गरिबाचे पोर स्वाहिलीत उत्तम शिकेल आणि बाहेरच राहील. पालकांची चूक एवढीच की आठवीत माध्यम बदलले म्हणून इंग्रजी येईल असे ते धरतात. ‘इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे’ असे न्येरेरेही उत्तरकाळात म्हणाले. त्या म्हणण्यातून निघते ते एवढेच, की इंग्रजी प्रत्येकाला नीट शिकवावी. चांगले इंग्रजी शिक्षक तयार करायला पैसा आणि वर्षे लागतात. माध्यम इंग्रजी आहे असे परिपत्रक काढायला एक शिक्का पुरतो.

आता प्रश्न उरतो, की एवढे पुरावे असूनही कडी निघत का नाही. 2014च्या शिक्षण धोरणाने सर्व स्तरांवर स्वाहिली आणण्याची भाषा केली, पण त्यातच इंग्रजीलाही जागा ठेवली, आणि वर्गात काहीच हलले नाही. याचे एक कारण निखळ पैशाचे आहे: पुस्तके, परिभाषा, प्रशिक्षण. दुसरे कारण बोलून दाखवायला अवघड आहे. निर्णय घेणारा वर्ग हा तो उंबरठा ओलांडून आलेला आहे आणि त्यांची मुले खासगी शाळांत आहेत. नापास झालेले मूल ‘धोरण चुकले’ असे म्हणत नाही, ‘माझेच डोके चालत नाही’ असे म्हणते. राज्यकर्त्यांना इतके सोयीचे अपयश दुसरे कुठले मिळणार? याउलट, 2017 साली राष्ट्रपती मगुफुली यांनी गरोदर मुलींना पुन्हा शाळेत घेणार नाही असे जाहीर केले, तेव्हा देशात आणि बाहेर वादळ उठले, आणि 2021 मध्ये, सामिया सुलुहू हसन यांच्या कारकिर्दीत, ती बंदी मागे घेतली गेली. ते योग्यच झाले. तो अन्याय दिसणारा होता, त्याला चेहरा होता. आठवीत मुकी झालेली मुले वर्गातच बसलेली असतात, हजेरीपटावर त्यांची नावे असतात.

तरी दारे हलू शकतात. टांझानियाची संसद गेली कित्येक दशके स्वाहिलीत वाद घालते, पण कायदे इंग्रजीत लिहिले जात आणि वरच्या न्यायालयांची नोंद इंग्रजीत होई. आपली बाजू स्वाहिलीत सांगणाऱ्या आरोपीचा जबाब न्यायाधीश मनातल्या मनात भाषांतर करून इंग्रजीत टिपून घेई. 2021च्या कायदादुरुस्तीने न्यायालयांची आणि कायद्यांची भाषा स्वाहिली ठरवली. ती अमलात यायला वेळ लागणार होता, कायद्यांची भाषांतरे ढीगभर पडली होती, आणि ती करायला बसलेला वकील जे कायदे स्वाहिलीत आणत होता ते त्याने स्वतः इंग्रजीतून शिकलेले होते.