प्रेमाचा करारनामा

बॉस्टनच्या नैर्ऋत्येस, चार्ल्स नदीच्या काठी असलेले डेडम आज त्या महानगराचे एक उपनगर होय. परंतु 1636 साली इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या, एकमेकांस बहुधा अपरिचित अशा प्युरिटन कुटुंबांनी तेथे वस्ती मांडली, तेव्हा त्यांनी प्रारंभीच एक करारनामा लिहून काढला आणि शाश्वत प्रेम हा ज्याचा पाया आहे अशा एकाच सत्याचे आचरण करण्याचे वचन त्याच्या पहिल्या कलमात दिले. गावास ‘संतोष’ या अर्थाचे नाव मिळावे अशी त्यांची विनंती होती. सरकारदप्तरी मात्र ‘डेडम’ अशी नोंद झाली.

या करारनाम्याचे दुसरे व तिसरे कलम मी पुनःपुन्हा वाचतो. भिन्न मताच्या मनुष्यास गावात थारा देऊ नये, असे दुसरे सांगते; गावकऱ्यांत तंटा उपजल्यास तो आपल्यातीलच एक, दोन वा तीन पंचांकडे सोपवून मिटवावा, असे तिसरे. वेशीवर एवढी पारख करूनही आत तंटे होणारच, हे ज्यांनी गृहीत धरले त्यांना मनुष्यस्वभाव नीट कळला होता. पण घरातला भेद जर पंचांच्या समजूतदारपणाने निभावतो, तर परक्याचा भेद वेशीवरच का अडवावा? चर्चची स्थापना 1638 च्या नोव्हेंबरात झाली तीही दीर्घ चर्चेनंतर, एकेकाच्या अंतःकरणातील ईश्वरी कृपा पारखून. जी कृपा ईश्वरच जाणतो, तिची पारख मनुष्याने करावी, हे मला धर्माहून अहंकाराच्या अधिक जवळचे वाटते.

आणि पारखीत उतरलेल्या परक्याचे तरी काय झाले? जॉन एलियट या धर्मोपदेशकाने ख्रिस्ती झालेल्या मूलनिवासी लोकांसाठी 1651 साली शेजारीच नेटिक वसविले, तेव्हा आपल्या सनदेतील जमीन त्यात गेली म्हणून डेडमने वर्षानुवर्षे दावा चालविला. हे शेजारी आता त्याच देवाचे, त्याच धर्मग्रंथाचे उपासक होते. तरी प्रेमाच्या त्या करारात त्यांना जागा नव्हती, कारण आता मताचा भेद उरला नसून शिवाराचा प्रश्न उभा होता. अखेर जमीन नेटिककडेच राहिली आणि भरपाईदाखल डेडमला दूर पश्चिमेस, पोकमटक या दुसऱ्याच मूलनिवासी समाजाच्या प्रदेशात 8,000 एकर मंजूर झाले. तेथे पुढे डिअरफिल्ड गाव वसले.

करारनाम्याने वंशजांनाही बांधून घेतले होते. पित्याने पुत्राच्या श्रद्धेवर सही करावी काय, याचे उत्तर त्याच गावाने दिले. 1818 मध्ये उदारमतवादी धर्मगुरूच्या नेमणुकीवरून फूट पडली, चर्चचे बहुसंख्य सभासद बाहेर पडले, आणि मालमत्ता त्यांची नसून समस्त पॅरिशची, म्हणजे चर्चचे सभासद नसलेल्यांसह सर्व रहिवाशांची आहे, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1820 साली दिला. बाहेर पडलेल्यांनी रस्त्यापलीकडे आपले चर्च बांधले. पहिले धर्मगुरू जॉन ॲलिन यांचेच नाव त्याला आहे, आणि ती दोन्ही मंदिरे आजही समोरासमोर उभी आहेत.