दोरी, साप आणि आम्लाची कणिका

भय नेमके कोणाला होते, देहाला की देह जाणणाऱ्याला, हा प्रश्न वेदान्ताच्या दोरी-सापाच्या दृष्टान्तातही दडलेला आहे. अंधारात दोरी सापासारखी भासते आणि माणूस दचकतो. साप खोटा असला तरी त्या वेळी देहात जे घडते ते पूर्ण खरे असते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. हायपोथॅलॅमसचा इशारा मिळताच ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि मग अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवू लागतात. एसीटीएचचा साठा आधीच तयार असतो. पेशी पीओएमसी नावाचे लांब प्रथिन बनवते आणि ते कापून ३९ अमिनो आम्लांचा हा तुकडा वेगळा करते. कापणारे विकर आम्लातच नीट चालते. म्हणून पेशीद्रवाचा पीएच ७.२ च्या आसपास असताना साठवणीच्या कणिकांत तो ५.५ पर्यंत उतरलेला असतो. कणिकेच्या पटलातले पंप ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत ढकलत राहतात. त्याच प्रथिनातून वेदना शमवणारे बीटा-एंडॉर्फिनही निघते. ताण आणि त्यावरची फुंकर एकाच धाग्यातून निघावी, हे खरोखर विलक्षण आहे.

मग भय म्हणजे निव्वळ रसायन का? कणिकेला साप कळत नाही. 'साप' हा अर्थ लागल्यावरच ती रिती होते. अर्थ लावणे हेही जडाचेच काम, असे कोणी म्हटले तर सांख्यांची हरकत नसेल. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही प्रकृतीचीच रूपे. गीतेचा तेरावा अध्यायही इच्छा, द्वेष, सुख, दुःख यांना क्षेत्रातच, म्हणजे देहाच्या बाजूलाच, मोजतो आणि ज्ञानेश्वरांनी त्याचे सविस्तर विवरण केले आहे. वाद उरतो तो क्षेत्र जाणणाऱ्यापुरता. तो मोजमापाचा विषय होत नाही, कारण मोजमाप ज्याला कळते तो तोच.

दिवा आणला की भ्रम तत्क्षणी संपतो, अंगाचा कंप मात्र लगेच थांबत नाही. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीत हे निरीक्षण आहे: दोरी ओळखल्यावरही कंप हळूहळूच शमतो, आणि ज्ञानानंतरचे प्रारब्धही तसेच भोगून सरते. शरीरशास्त्राचा हिशेब याच्याशी जुळतो. अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरते. रक्तातले कॉर्टिसॉल निम्मे व्हायला मात्र सुमारे एक ते दीड तास लागतो. ज्ञानी माणसाचे हात थरथरले, तर तो त्याच्या अज्ञानाचा पुरावा ठरत नाही.