वाट पाहण्याचा अधिकार

जी वस्तु आपल्या हातीं कधींच येणार नाहीं, तिची उत्कंठेनें वाट पाहणें हें मनाचें दौर्बल्य समजावें कीं वैभव? प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. मनुष्याच्या आयुष्याचा मोठा भाग कशाची ना कशाची वाट पाहण्यांत जातो. आणि मनुष्य ज्याची वाट पाहतो त्यावरून त्याची पारख होते हें खरें असेल, तर नीतीचा विचार करणारास या प्रश्नाकडे पाठ फिरवितां येणार नाहीं.

उदाहरण मुद्दामच अगदीं ऐहिक घेतों. युरोपांतील कांहीं कारखाने मधून मधून अशी एखादी मोटार काढतात, कीं जिचें खरें माहेर म्हणजे शर्यतीचा मार्ग. रस्त्यावर चालविण्यास तिला परवानगी असते एवढेंच. एरवीं तिची सारी घडण वेगासाठीं झालेली असते. इंग्लंडांतील मॅकलारेन कंपनीनें डिसेंबर २०१७ मध्यें जाहीर केलेली 'सेन्ना' ही अशीच मोटार. वजन कमी करण्यासाठीं सुखसोयींना तींत फांटा दिलेला. मागें भला मोठा पंख. आणि ताशीं २५० किलोमीटरांच्या वेगाला वाऱ्यानेंच सुमारें ८०० किलोग्रॅमांचा दाब देऊन गाडी जमिनीशीं घट्ट धरून ठेवावी, अशी योजना. अशा मोटारी निघावयाच्या होत्या अवघ्या ५००, आणि त्या पांचशांनाहि धनी आधींच ठरून गेलेले. तरीहि तिच्या आगमनाकडे डोळे लावून बसलेले लोक पांचशांच्या कितीतरी पट होते.

अशा लोकांत डोळखांबसारख्या गांवचा तरुणहि असतो. शहापूर तालुक्यांत, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर हें गांव आहे. भोंवतीं भातशेती आणि आदिवासींचे पाडे. एस.टी.साठीं तिष्ठत उभा असलेला हा तरुण हातांतल्या मोबाइलवर नव्या मोटारीचें चित्र पाहतो. तिचें वजन किती, एंजिन पुढें कीं मध्यें, वळणावर ती कशी वागेल, याविषयीं सोबत्याशीं हिरिरीनें वाद घालतो. घरचीं वडील माणसें म्हणतात, "अरे, आपल्याला काय करायचें आहे त्याचें? अंथरूण पाहून पाय पसरावे." या उपदेशांत व्यवहार आहे. पण पाय पसरण्याची गोष्ट वेगळी आणि डोळे उघडे ठेवण्याची वेगळी. अंथरुणाचें माप डोळ्यांनाहि लावावयाचें ठरल्यास गरिबानें चंद्राकडे पाहणेंसुद्धां उधळेपणाचें होईल.

शिवाय ही उत्कंठा परदेशांतून आलेली आहे असेंहि नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील गांवांना बैलगाड्यांच्या शर्यतींचें वेड जुनें आहे. शर्यतीचा खिल्लार बैलहि मोजकाच निपजतो आणि मैदानासाठींच वाढविला जातो. त्याला नांगराला जुंपीत नाहींत. त्याचा खुराक निराळा, निगा निराळी, आणि त्याच्या मागचा छकडाहि हलक्यांतला हलका. मैदानाच्या कडेला जमणाऱ्या गर्दींत अशी जोडी दारीं बांधण्याची ऐपत असलेले किती असतात? ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें या शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्याच न्यायालयानें महाराष्ट्रांत त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य ठरविला. परवानगी मिळेपर्यंतचीं साडेसात वर्षें शौकीन लोक थांबून राहिले, आणि ज्यांच्या गोठ्यांत एकहि बैल नव्हता तेहि थांबून राहिले. तेव्हां स्वामित्वाची आशा नसतांनाहि उत्कंठा असूं शकते, हें आपल्या खेड्यांना कोणी शिकवावयास नको.

मात्र सगळीच उत्कंठा एका मोलाची नसते. एक मनुष्य वस्तूच्या गुणासाठीं वाट पाहतो, दुसरा तिच्या मालकीसाठीं. आणि दोघांची भाषा एकच असल्यामुळें दोघे एकच भासतात. त्यांतला भेद निराशेच्या प्रसंगीं उघड होतो. मुंबईंत मुख्य कचेरी आणि पुण्यांत कारखाना असलेल्या टाटा मोटर्सनें मार्च २०१७ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत 'रेसमो' नांवाची दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मांडली. १९० अश्वशक्तीचें लहानसें एंजिन आसनांच्या मागें बसविलेलें, आणि ताशीं १०० किलोमीटरांचा वेग सहा सेकंदांच्या आंत गांठण्याचा दावा. आपल्या मुलुखांतल्या शौकिनांना त्या वेळीं झालेला हर्ष समजण्यासारखा होता. परंतु ती मोटार विक्रीला आलीच नाहीं. ज्यानें केवळ मालकीचे मनोरथ रचले होते, त्याच्या पदरीं शून्य पडलें. पण एंजिन मध्यभागीं आणल्यानें वजनाचा तोल कसा साधतो आणि गाडी वळणावर कशी चपळ होते, हें ज्यानें त्या निमित्तानें शोधून काढलें, त्याचें काय बुडालें? त्याच्या प्रतीक्षेचें फळ प्रतीक्षेंतच पिकून गेलें होतें.

मोजकेपणाचा मोहहि असाच तपासून पाहिला पाहिजे. जर्मनींतील पोर्शे कंपनीनें १९७२ मध्यें '९११ कॅरेरा आरएस' ही मोटार काढली, ती शर्यतीच्या एका नियमासाठीं. त्या वर्गांत उतरावयाचें तर निदान ५०० गाड्या बनविणें भाग होतें. मागणी इतकी आली कीं शेवटीं दीड हजारांहून अधिक बनवाव्या लागल्या. सेन्नाच्या बाबतींत पांचशें हा आंकडा वरची मर्यादा होता. येथें तो खालची मर्यादा होता. गाड्या तिप्पट झाल्या म्हणून त्या मोटारीची कीर्ति तिळमात्र उणी झाली नाहीं. जाणते लोक अद्यापि तिचें नांव आदरानें घेतात. यावरून प्रत्येक शौकिनानें स्वतःला विचारावयाची एक कसोटी हातीं येते : ही वस्तु उद्यां शेजाऱ्यालाहि मिळाली, तर माझा आनंद घटेल काय? 'घटेल' असें उत्तर आलें, तर आपलें प्रेम वस्तूवर नसून शेजाऱ्याच्या नसण्यावर आहे, असें खुशाल समजावें. अशाच प्रेमापायीं कांहीं धनिक शर्यतीची मोटार घेतात आणि भाव चढेपर्यंत कोठींत झांकून ठेवतात. धांवण्यासाठीं जन्मलेला बैल आयुष्यभर दावणीला बांधून ठेवावा, तसाच हा प्रकार.

दुसरी कसोटी याहून कडक आहे. आपल्या आनंदाचें मोल दुसरा कोणी देत नाहीं ना? बैलगाड्यांवर बंदी आली ती मुक्या जनावरांच्या यातनांमुळें, आणि परवानगी मिळाली ती अटींसह, हें शर्यतीच्या भरांत विसरून चालणार नाहीं. मोटारीला यातना नसतात. पण रस्त्यावरील माणसांना असतात. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत एका भरधांव परदेशी मोटारीच्या धडकेनें दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. शर्यतीच्या मार्गावर जो वेग पराक्रम ठरतो, तोच शहापुरावरून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर गुन्हा होऊं शकतो. वेगाची खरी आवड असणारास वेगाची जागाहि कळली पाहिजे.

आतां सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळूं. भातसा आणि तानसा हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय याच शहापूर तालुक्यांत आहेत. आणि याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. जेथें पाण्याची वाट पाहावी लागते, तेथें मोटारीची वाट पाहणें शोभतें काय? आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख चुकीच्या माणसावर आहे. टँकरची वाट ही गरजेची आहे, लादलेली आहे. तींत सहनशीलतेचें कौतुक करणें म्हणजे अन्यायाला सद्‌गुणाचा साज चढविणें होय. ती संपविणें हें ज्यांचें कर्तव्य आहे, त्यांना जाब विचारावा. पाड्यावरच्या मुलाचें स्वप्न काढून घेतल्यानें हंडा भरत नाहीं. मात्र त्या मुलावरहि एक जबाबदारी येते. दूरच्या मोटारीचा कण न् कण ज्याला ठाऊक आहे, त्याला आईच्या डोक्यावरील हंड्याचें वजन ठाऊक नसेल, तर त्याची उत्कंठा निव्वळ पलायन होय. मोटारींत एक एक किलोग्रॅम कां वाचवितात हें ज्याला समजलें, त्याला मैलभर चालून आणलेल्या पाण्याचें ओझें अधिकच समजावयास हवें.

म्हणून वाट पाहण्याचा अधिकार खरेदीदारालाच आहे असें नाहीं. जो गुण ओळखतो, ज्याचा आनंद इतरांच्या वंचनेवर उभा नाहीं आणि ज्याच्या दूरच्या ओढीनें जवळच्या माणसांचा विसर पडत नाहीं, अशा कोणाहि माणसाला तो आहे. पांचशें गाड्यांना पांचशेंच मालक मिळतात. पण माणसाच्या हातांनीं घडलेली उत्तम कृति पाहून, ती आपली नसतांनाहि, मन भरून येणें हें ज्याला साधलें, त्याच्या श्रीमंतीला आंकड्याची मर्यादा नाहीं; आणि ही श्रीमंती डोळखांबच्या एस.टी. थांब्यावर उभें राहूनहि मिळवितां येते.