ओढणारा आणि बसणारा

प्रवासाला निघतांना मनुष्य आपल्या कपड्यांबरोबर आपलीं नीतितत्त्वेंहि घडी घालून पेटींत ठेवतो. घरच्या हवेंत तीं अंगाला बरोबर बसतात. परक्या हवेंत मात्र कोठें आंखूड पडतात, कोठें काचतात. मध्यंतरीं एका मे महिन्यांत मादागास्कर बेटावरील अंत्सिराबे या गांवीं आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां आमच्या एका तत्त्वाची अशीच फजिती झाली. त्या फजितींतून जो प्रश्न निघाला तो केवळ आमचा नाहीं, असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

मादागास्कर हें हिंदी महासागरांतील, आकारानें जगांत चौथें, बेट. त्याचा बहुतेक भाग उष्ण कटिबंधांत मोडतो. परंतु मध्यभागीं उंच पठारें आहेत, आणि त्यांवर, राजधानी अंतानानारिव्होच्या दक्षिणेस सुमारें 170 किलोमीटरांवर व समुद्रसपाटीपासून सुमारें 1500 मीटर उंचीवर, अंत्सिराबे वसलें आहे. आपल्याकडे मे महिन्यांत अंगाची लाही होत असते, त्याच वेळीं दक्षिण गोलार्धांतील या गांवाला हिवाळ्याची चाहूल लागते आणि रात्रीं दोन-दोन कांबळीं पांघरावीं लागतात. 'जेथें पुष्कळ मीठ आहे तें ठिकाण' असा गांवाच्या नांवाचा अर्थ. भोंवतालचा प्रदेश ज्वालामुखीचा. भूगर्भांतील उष्णतेनें तापून, क्षार घेऊन वर येणारे झरे हें येथील वैभव. 1872 मध्यें नॉर्वेच्या लूथरपंथी मिशनऱ्यांनीं येथें ठाणें केलें. 1896 मध्यें फ्रेंचांनीं बेट आपल्या राज्यास जोडलें, आणि मायदेशच्या विशी नगरीची आठवण करून देणारें आरोग्यस्थान म्हणून पुढें गांवाची वाढ झाली. रुंद रस्ते आले, स्नानगृह आलें, भव्य हॉटेल आलें, 1923 मध्यें आगगाडी आली. आपल्याकडे वज्रेश्वरीसारख्या ठिकाणीं ऊन पाण्याच्या झऱ्यापाशीं देऊळ उभें राहतें, फ्रेंचांनीं हॉटेल उभें केलें, इतकाच काय तो फरक. माणसें दोन्हीं ठिकाणीं येतात तीं एकाच आशेनें, कीं आपलें दुखणें या पाण्यांत सोडून जावें.

परंतु एकाच स्थळाचा अर्थ सर्वांना एकच नसतो. मोरोक्कोचा सुलतान पांचवा महंमद याला फ्रेंच सरकारनें 1953 मध्यें पदच्युत करून हद्दपार केलें. प्रथम कॉर्सिकांत व 1954 पासून मादागास्करांत त्याला ठेवण्यांत आलें, आणि 1955 मध्यें सुटका होईपर्यंतचा त्याचा वनवास या अंत्सिराबेंतच गेला. इतरांनीं पैसे मोजून जी विश्रांति घ्यावी, ती त्याला शिक्षा म्हणून मिळाली. आणि ज्यांच्याविषयीं आज लिहावयाचें आहे, त्यांच्या वांट्याला तर येथें कोणत्याच रूपानें विश्रांति येत नाहीं.

हे लोक म्हणजे 'पूस-पूस' ओढणारे. शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ 'ढकल, ढकल'. दोन मोठीं चाकें, वर छत, पुढें दोन दांडे, आणि त्या दांड्यांच्या मध्यें बैलाच्या जागीं एक मनुष्य. या जातीचें वाहन 1870 च्या सुमारास जपानांत निघालें व तेथून आशियाभर पसरलें. मादागास्करांत त्याच्याहि पूर्वीं चौघांनीं खांद्यावर वाहावयाची खुर्ची होती. तिला 'फिलांझाना' म्हणत. अंत्सिराबेंत आतां सायकलीच्या रिक्षाहि पुष्कळ झाल्या आहेत; तरी हातांनीं ओढावयाच्या गाड्या पदोपदीं दिसतात, आणि त्या ओढणाऱ्यांपैकीं कित्येकांचे पाय अनवाणी असतात.

आम्ही गेलों होतों तें गुडघ्यांच्या संधिवातासाठीं. मुक्कामापासून स्नानगृह अर्ध्या कोसावर. पहिल्याच सकाळीं दारांत एक तरुण गाडी घेऊन उभा होता. मनुष्यानें मनुष्याला जनावराप्रमाणें जुंपावें, यांत आम्ही भागीदार होणार नाहीं, असें आम्हीं पत्नीला ऐकवलें आणि लंगडत कां होईना, पायीं निघालों. तो तरुण निमूटपणें रिकामी गाडी घेऊन मागून येऊं लागला. थोड्या वेळानें आमची पत्नी थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या न बसण्यानं त्याच्या घरीं आज चूल पेटणार आहे का? मन तुमचं स्वच्छ राहील, पोट मात्र त्याचं रिकामं राहील." इतकें बोलून ती गाडींत जाऊन बसली.

मग जी मिरवणूक निघाली ती पाहण्यासारखी होती. गाडींत आमची पत्नी, दांड्यांत तो तरुण, आणि शेजारून तत्त्वनिष्ठेनें लंगडत चाललेले आम्ही. संध्याकाळीं मुक्कामावरील एका इंग्रजी जाणणाऱ्या नोकराच्या मध्यस्थीनें त्या तरुणाशीं बोलणें झालें. गाडी त्याची नव्हती. दिवसाच्या भाड्यानें घेतलेली. मालकाचें भाडें आधीं, त्यानंतर उरेल तें त्याचें. आमच्या चालण्याबद्दल त्याला काय वाटलें, असें आम्हीं मोठ्या उत्सुकतेनें विचारलें. तो म्हणाला, "म्हाताऱ्या साहेबांसाठीं मला सावकाश जावं लागलं. उतारावर भरलेली गाडी धरून ठेवणं हें ओढण्यापेक्षां कठीण असतं." आमच्या सदाचरणाचा भार आम्हीं उचलला आहे, अशी आमची समजूत होती; तो प्रत्यक्षांत त्याच्याच मनगटांवर पडला होता.

त्या रात्रीं आम्हांला भागवताच्या पांचव्या स्कंधांतील जडभरताची कथा आठवली. सिंधुसौवीर देशाचा राजा रहूगण पालखींत बसून कपिल मुनींच्या दर्शनास निघाला होता. एक भोई कमी पडला म्हणून वाटेंत सांपडलेल्या जडभरताला सेवकांनीं पालखीला लावलें. पायाखालीं जीवजंतु चिरडूं नयेत म्हणून भरत जपून पाऊल टाकी; त्यामुळें पालखीला हिसके बसूं लागले. राजा रागावला, तेव्हां इतर भोयांनीं या नव्या भोयाकडे बोट दाखवलें. पुढें भरताच्या मुखांतील ज्ञान ऐकून राजा पालखींतून उतरला व त्याच्या पायां पडला. कथा येथें उच्च भूमिकेवर जाते, आणि तिची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आमचें लक्ष या वेळीं त्या इतर भोयांकडे गेलें. मुंग्या वाचाव्यात म्हणून एक महात्मा पाऊल आवरतो, आणि त्याच्या अहिंसेचा हिसका शेजारच्या तिघांच्या खांद्यांना बसतो. राजा उतरला तो भरताच्या ठिकाणीं ब्रह्मज्ञानी दिसला म्हणून. उरलेल्यांच्या ठिकाणीं त्याला केवळ भोईच दिसत राहिले.

तर मग प्रश्न असा कीं, बसावें कीं न बसावें? न बसण्याच्या पक्षाचें म्हणणें उघड आहे. मनुष्य हें साधन नव्हे. त्याला दांड्यांत जुंपण्यांत जो अपमान आहे तो भाड्यानें धुऊन निघत नाहीं. बसण्याच्या पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच उघड आहे. त्यानें भीक मागितली नाहीं, काम मागितलें. आपण तेंच नाकारलें तर अपमान गेला नाहीं, फक्त मजुरी गेली. पत्नीच्या प्रश्नापुढें आम्ही निरुत्तर झालों खरे. परंतु त्या उत्तरानें पूर्ण समाधानहि झालें नाहीं. कारण "हें बंद केलें तर तो खाईल काय?" हा युक्तिवाद प्रत्येक जुन्या अन्यायाच्या कैवाऱ्यानें केलेला आहे. याच बेटावर 1896 पर्यंत गुलामगिरी चालत होती. ती उठविण्याच्या विरुद्धहि दयेची भाषा बोलतां आलीच असती. भुकेल्या माणसासमोर एकच दार उघडें ठेवावयाचें, आणि तो त्या दारानें आला म्हणजे त्यानें तें स्वेच्छेनें निवडलें असें म्हणावयाचें, हा न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहितांना लाज वाटते. हा सारा विवेक आम्हांला समुद्रापलीकडे गेल्यावर सुचला. आमच्या मातोश्री थकल्या होत्या, त्या वर्षीं आम्ही त्यांना माथेरानला घेऊन गेलों होतों. तेथें मोटारींना बंदी असल्यामुळें माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा चालत. मातोश्रींना अशा रिक्षेंत बसवून, मुलाचें कर्तव्य केल्याच्या समाधानांत आम्ही शेजारून चाललों होतों. त्या लाल मातीच्या चढावर ज्यांचा श्वास लागला होता त्यांचे चेहरे आठवण्याचा आज आम्ही प्रयत्न करतों, आणि एकहि आठवत नाहीं. ते मराठी बोलत होते. त्यांना विचारण्यासाठीं दुभाष्याचीहि गरज नव्हती. तरीहि रिक्षा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न आम्हांला सुचला नाहीं. परक्या देशांतील दृश्य आपणांस नवें असतें म्हणून तें दिसतें. घरचें दृश्य जन्मापासून डोळ्यांपुढें असतें, म्हणून तें दिसेनासें होतें.

2025 च्या ऑगस्टमध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें माथेरानच्या या हातरिक्षा माणुसकीला सोडून आहेत असें म्हटलें, आणि त्या सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला. त्या निर्णयांतील जो भाग आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो निराळा आहे. जे खरोखर रिक्षा ओढतात त्यांनाच विजेवर चालणाऱ्या रिक्षा भाड्यानें देण्याची योजना सरकारनें करावी, आणि पैसा नाहीं ही सबब सांगूं नये, असेंहि न्यायालयानें बजावलें. 1980 मध्येंहि पंजाबांतील सायकल-रिक्षांच्या खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं, जो रिक्षा चालवितो त्यालाच ती कर्ज मिळून आपली करतां यावी, असा मार्ग काढला होता. दोन्हीं निर्णयांत दृष्टि एकच आहे. बंदी घालणारानें, जो त्या बंदीनें बुडणार त्याच्या हातीं दुसरें साधन द्यावें; तसें न केल्यास बंदी म्हणजे सुसंस्कृत लोकांच्या डोळ्यांची सोय तेवढी ठरते.

येथें आमच्या प्रश्नाचें उत्तर, निदान त्याची दिशा, सांपडते. नैतिक कृत्याची परीक्षा "माझें मन निर्मळ राहिलें कीं नाहीं" या प्रश्नानें होत नाहीं. "माझ्या निर्मळपणाची किंमत कोणी दिली" या प्रश्नानें होते. आम्ही गाडींत बसलों नाहीं, तेव्हां किंमत त्या तरुणानें दिली. आम्ही बसून समाधानानें टेकलों असतों, तरी ती त्यानेंच दिली असती. यांतून निर्दोष सुटका एकट्या प्रवाशाला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. त्याला करतां येण्याजोगें आहे तें इतकेंच: काम घ्यावें, घासाघीस न करतां दाम द्यावा, ओझें कमी ठेवावें, चढ आला म्हणजे शक्य तर उतरावें, आणि गांव सोडल्यावर हिशेब मिटला असें मानूं नये. ज्या व्यवस्थेंत आपलें मत चालतें, आपला कर जातो, आपली भाषा समजते, तेथें तें ऋण फेडावें. अंत्सिराबेच्या मालकांना आम्ही कांहींहि सांगूं शकत नाहीं. माथेरानच्या बाबतींत मात्र आम्हांला बोलतां येतें, लिहितां येतें, विचारतां येतें, आणि आजवर आम्हीं यांपैकीं कांहींच केलें नव्हतें.

उरलेले दिवस आम्ही त्याच तरुणाच्या गाडीनें गेलों. सपाटीवर आम्ही दोघेंहि आळीपाळीनें बसत असूं, आणि चढ आला कीं उतरत असूं. त्या बसण्यांत सुख नव्हतें, आणि नसावें हेंच योग्य होतें. परत आल्यावर भेटणाऱ्या प्रत्येकानें गुडघ्यांची चौकशी केली. गुडघे आतां बरे आहेत. दुसरें एक दुखणें आम्ही तेथून बरोबर घेऊन आलों. त्यावर उतार पडेल असा झरा आम्हीं शोधलेला नाहीं, आणि शोधूं नये असेंच वाटतें.