सहा गोळ्यांचा हिशेब

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या, ‘वेस्टर्न’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांतील गोळीबार खरा वाटावा ही अपेक्षा या चित्रपटांइतकीच जुनी असली, तरी ‘खरे’ कशाला म्हणायचे याची कल्पना मात्र वेळोवेळी बदलत गेली. ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (1903) या मूकपटात दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो, आणि त्या काळी तेवढे खरेपण पुरेसे होते.

प्रत्यक्षातली चकमक पाहण्यासारखी नसे. 26 ऑक्टोबर 1881 रोजी ॲरिझोनातील टूम्बस्टोन येथे झालेली ओ. के. कोरलची प्रसिद्ध चकमक अवघ्या काही पावलांच्या अंतरावरून सुमारे अर्धा मिनिट चालली, सुमारे तीस गोळ्या सुटल्या आणि तिघे मेले. त्या काळी काळी दारू वापरत. सह्याद्रीच्या जंगलपट्टीत पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना एका बारानंतर किती धूर कोंदतो हे सांगावे लागत नाही, पण पडद्यावरची हवा स्वच्छच राहिली. 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीपूर्वी अंगठ्याने मागे ओढावा लागे आणि सावध माणूस सहापैकी एक घर रिकामे ठेवी, याचाही पटकथांना विसर पडला.

पुढे खरेपणाचा शोध शस्त्राकडून जखमेकडे वळला. कपड्यांखाली बारीक स्फोटके आणि नकली रक्ताच्या पिशव्या लावण्याची युक्ती ‘द वाइल्ड बंच’ (1969) मध्ये टोकाला गेली. ‘अनफरगिव्हन’ने (1992) नेम चुकणे, भीती आणि हत्येचे ओझे दाखवले.

भारतीय प्रेक्षकाला या परंपरेची ओळख झाली ती मुख्यतः 1975 च्या ‘शोले’तून. या चित्रपटात गोळ्या मोजल्या जातात, हे त्याचे वेगळेपण. आपल्या तीन साथीदारांना शिक्षा देताना दरोडेखोर गब्बर सहापैकी तीन गोळ्या हवेत झाडून पिस्तुलाचे चक्र फिरवतो आणि प्रत्येकावर एकदा चाप ओढतो. रिकामी झालेली तीन घरे एकमेकांलगतच असल्यामुळे ती ओळीने पुढे येऊन तिघेही वाचण्याची शक्यता सहांत एक असते, आणि तसे घडल्यावर पुढची तिन्ही घरे भरलेलीच असणार. तो हसतो आणि तिघांना मारतो. हे गणित हेतुपुरस्सर मांडलेले असो वा योगायोगाने जुळलेले, यंत्राच्या रचनेतूनच प्रसंगाची क्रूरता जन्मते. पुलावरच्या लढतीतही दारूगोळा संपत आल्यामुळेच दोन नायकांपैकी वीरूला गावात जावे लागते आणि त्याचा मित्र जय एकटा उरतो. रक्ताच्या पिशव्यांनी जेवढे खरेपण आणले, त्याहून अधिक खरेपण या दोन प्रसंगांतल्या हिशेबाने आणले आहे.